दोन दगडांमधलं गवत

ज्या वर्षी सासूबाईंनी माझी चूल वेगळी केली, त्याच वर्षी सरकारने आपलं जंगल आमच्याबरोबर एकत्र केलं. इकडे आमच्या घरात भांड्यांची वाटणी चालली होती आणि तिकडे शाळेच्या खोलीत एक साहेब लोकांना सांगत होते की तुझं-माझं संपलं, यापुढे सगळं मिळून. मोठी कढई सासूबाईंनी ठेवून घेतली आणि मला बुडाला डुगडुगणारं पातेलं दिलं. देताना म्हणाल्या, "एका छपराखाली दोन बायकांचं पटत नाही, आणि हे शहाणे गावाला आणि सरकारला एका झाडाखाली नांदवायला निघालेत." टोमणा मला होता. पण जंगलाविषयी त्या वर्षी याहून खरं दुसरं कोणी बोललं नाही.

आमच्या गावावरचा डोंगर सरकारी, फक्त माथ्याचं दगडखाणीकडचं टोक गावाचं. पुढचा उतार झाडांचा, आणि माथ्यापलीकडे नुसतं गवताचं माळरान. पुढच्या उतारावरून वाळकी काटकी उचलली तरी ती चोरी. म्हणून आम्ही बायका दगडखाणीला वळसा घालून डोंगराच्या पाठीमागे जायचो. तिथल्या लाकडावर कोणाची मालकी नव्हती, कारण तिथे लाकूडच फारसं नव्हतं. सकाळी गेलेली बाई दुपार कलल्यावर मोळी घेऊन परतायची, आणि मग कोणी हाक मारली तर मान वळत नाही म्हणून सगळं अंग वळवून बघायची.

या डोंगराचा वनरक्षक म्हणून आदल्या वर्षी माझाच धाकटा भाऊ नेमून आला होता. आमच्या आईला केवढा आनंद. "बहिणीच्या गावात आहे, जेवणाची आबाळ होणार नाही," म्हणाली. आमच्याकडे तो एकदाच जेवला. पुढच्याच आठवड्यात त्याने माझ्या नवऱ्याला पकडलं.

नवरा सुतार. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची. आमच्या छपराचे वासे कुजले होते, ते बदलायला त्याने उतारावरून चार झाडं तोडली आणि हातगाडीवर कडब्याखाली झाकून आणली. नाक्यावर भावाने गाडी अडवली.

"पावती?"

"कसली पावती? तुझ्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर आहे हे."

"म्हणून तर विचारतो, दाजी. दुसऱ्या कोणाचं असतं तर एखादे वेळी डोळेझाक केली असती."

त्याने नवऱ्याला चौकीच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. सगळं गाव त्या रस्त्याने गेलं. ज्यांना काही काम नव्हतं तेही गेले. वासे जप्त झाले आणि करवतही. करवत नवऱ्याच्या वडिलांची होती. ती परत आली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या भावाचं नाव निघालं की रंध्याचा आवाज वाढायचा. नवरा त्याला 'सरकार' म्हणायचा. कोणी म्हटलं, अरे मेहुणा आहे तुझा, तर म्हणायचा, "साल्याला साला म्हणायला पावती लागत नाही. गावात तेवढंच एक फुकट राहिलंय." भाऊही काही कमी नव्हता. आमच्या दारावरून जाताना खाकी शर्टाचं बटण लावून जायचा, एरवी उघडं असलं तरी.

आणि अशा दोघांना त्या वर्षी शाळेतल्या एका बाकावर बसवलं गेलं.

बाक पहिलीच्या पोरांचे. गडी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. साहेबांनी समजावून सांगितलं. पुढच्या उताराची एक संयुक्त समिती होणार. राखण दोघांची. पहिला उन्हाळा उताराला आग न लागता गेला, तर गावाला पास मिळणार: वाळकं लाकूड, गवत, डोक्यावर मावेल तेवढं, रोज, उजळ माथ्याने. पुढे झाडांची विरळणी होईल तेव्हा वासेही. उतार जळला तर करार रद्द आणि सगळं पूर्वीसारखं.

आम्ही बायका खिडकीबाहेर उभ्या होतो. 'रोज' हा शब्द ऐकल्यावर माझ्या शेजारणीने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. मला त्या करारातलं एवढंच हवं होतं. बाकी विरळणी आणि संयुक्त आणि काय काय, ते पुरुषांनी वाटून घ्यावं.

अध्यक्ष गावाचा हवा होता. सरकारला सगळ्यात मोठ्याने शिव्या देणारा माणूस माझा नवरा, म्हणून लोकांनी त्याला केलं. मग साहेब म्हणाले की नियमाप्रमाणे सचिव वनरक्षकच असतो.

"म्हणजे मी बोलायचं आणि याने लिहायचं?" नवऱ्याने विचारलं.

"तुम्ही बोलायला हवं असं काही नाही," भाऊ म्हणाला.

साहेबांना नातं कोणीतरी सांगितलं तसे ते खूश झाले. "वा! म्हणजे घरातल्या घरातच!" कोणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, आग लागणार नाही याची हमी कोण घेतो? भावाने हात वर केला. नवरा म्हणाला, "हमी सरकारची, घाम आमचा." आणि एवढ्यावर समिती झाली.

उताराला आगीची भीती एकाच बाजूने होती, माथ्यापलीकडच्या माळरानाकडून. तिथे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी गवत पेटवतं. म्हणून माथ्यावरून जाळरेषा काढायची. म्हणजे गाडी वळेल एवढ्या रुंदीचा पट्टा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गवताच्या मुळांसकट खरवडून माती उघडी करायची. आग तिथवर येते, खायला काही सापडत नाही, आणि मरते. ओढ्याच्या टोकाकडून खात्याचे मजूर येतील आणि खाणीच्या टोकाकडून गावातले लोक, असं ठरलं. मध्ये गावाच्या आणि सरकारच्या हद्दीच्या दगडापाशी दोघांनी भेटायचं.

आमच्याकडे माणसं ठरवतात तेव्हा असंच ठरवतात. दगड दोन होते.

एक जुना, अर्धा जमिनीत गेलेला, शेवाळलेला. दुसरा त्याच्याही खाणीच्या बाजूला, चुना लावलेला, आकडा कोरलेला. दोघांच्या मधे एका मोठ्या घराएवढी जागा, गवत कमरेइतकं. गाव म्हणायचं, खरा दगड जुना, सरकारने आमच्या आजोबांच्या वेळी नवा दगड पुढे सरकवून गावाची जमीन खाल्ली. खातं म्हणायचं, खरा दगड नवा. जमिनीत काही दम नव्हता, खडक आणि गवत. पण आमच्या भागात पूर्वीपासून एक रीत आहे: ज्याचा विळा, त्याची जमीन. पडीक जागेतलं गवत जो कापतो आणि ज्याला कोणी अडवत नाही, ती जागा त्याची धरली जाते. भांडण पंचांपुढे गेलं तर पंच एवढंच विचारतात, गवत कोणी कापलं, आणि तू तेव्हा गप्प का बसलास?

गाववाले खाणीकडून कापत नव्या दगडापर्यंत आले आणि पुढच्या गवताला विळा लावणार, तोच भाऊ आडवा आला. "इथून पुढे सरकारी. हात लावाल तर अतिक्रमण." त्याचे मजूर ओढ्याकडून कापत जुन्या दगडाशी आले, तर नवरा आडवा उभा. "इथून पुढे गावाचं. विळा लागला तर हात जागेवर ठेवणार नाही."

म्हणजे प्रत्येकाला ती जागा कापायची होती आणि प्रत्येकाने दुसऱ्याला कापू दिली नाही. जाळरेषा डोंगराच्या माथ्यावर भांगासारखी सरळ निघाली होती, आणि बरोबर मध्यावर ते गवत उभं राहिलं.

मग तर कहरच झाला. दुसरा गुपचूप कापून टाकेल म्हणून नवरा आणि भाऊ स्वतःच राखणीला बसले. माळरानाकडे कोणी बघेना. आग येईल ती दिशा सोडून दोघेजण एकमेकांकडे तोंड करून बसायचे, एक या दगडाला टेकून, एक त्या दगडाला. डबे मीच न्यायचे, दोघांचेही. भावाची बायको माहेरी बाळंतपणाला गेली होती.

"काय गं, त्याच्या डब्यात जास्त दिलंस?" नवरा विचारायचा.

"झाकण काढून मोजा."

"ताई, दाजींना म्हणावं, सावली सरकारी हद्दीत पडलीय त्यांची."

"त्याला सांग, सूर्यालाही पावती मागायला जा."

असं चालायचं. ऐकणाऱ्याला गंमत वाटली असती. गावातले रिकामटेकडे ऐकायला वर यायचेही. पण रोज ऊन चढत होतं आणि गवत पिवळ्याचं पांढरं होत होतं. चालताना पायाला लागलं की कुरकुरायचं.

एक दिवस मी डब्याच्या पिशवीतून विळा नेला. दोघांना जेवायला बसवलं आणि पाठ वळवून त्या गवतात शिरले. चार-सहा कवळे कापून होताहेत तोच दोघांचे घास हातातच राहिले.

"ए! ए! काय करतेस?" नवरा.

"ताई, थांब!" भाऊ.

"जेवा तुम्ही. मी गवत कापते."

"कोणाकडून कापतेस?" नवऱ्याने विचारलं. "आधी ते सांग. गावाकडून कापत असशील तर काप."

"गावाकडून कापलंस तर मला तुझ्यावर गुन्हा नोंदवावा लागेल," भाऊ म्हणाला. "माझी मजूर म्हणून अंगठा देऊन काप, मग हरकत नाही."

"माझ्या बायकोने तुझी मजूर व्हायचं?"

"मी माझ्या मानेकडून कापतेय," मी म्हटलं. "तुम्हा दोघांच्या नाही. मोळी मी वाहते. हा उतार जळला तर पुन्हा खाणीला वळसा मी घालणार आहे, तुम्ही नाही."

मला वाटलं, यावर निदान एकाला तरी लाज वाटेल. नवऱ्याने माझ्या हातातून विळा घेतला आणि भावाने कापलेल्या पेंढ्या उचलून जिथल्या तिथे अंथरल्या, म्हणजे कापल्याची खूण राहू नये. त्या वर्षात त्या दोघांनी मिळून केलेलं काम एवढंच. संयुक्त.

मग मी साहेबांकडे गेले. तालुक्याच्या गावी त्यांचं ऑफिस. बाहेर जप्त केलेल्या सायकली आणि कुऱ्हाडींचा ढीग, आत पंखा, टेबलावर काचेखाली हिरव्या झाडांची चित्रं. शिपायाने बराच वेळ बसवलं. साहेबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, चहा विचारला.

"ती जागा सरकारचीच आहे, बाई. त्यात काही शंका नाही," ते म्हणाले.

"मग तुमच्या माणसाला हुकूम द्या ना, कापून टाक म्हणून."

"हुकूम द्यायचा असता तर समिती कशाला केली असती? आता हे तुमचंही जंगल आहे. संयुक्त म्हणजे काय, तर भांडणं तुम्ही तुमच्यात मिटवायची."

"आणि जंगल जळलं तर?"

"तर तुमच्यात मिटली नाहीत असं दिसेल."

चहा मी तसाच ठेवून आले. वाटेत मनात म्हटलं, आपल्या सासूबाई याच्यापेक्षा बऱ्या. त्यांनी डुगडुगणारं पातेलं दिलं, पण ते सगळ्यांच्या भल्यासाठी आहे असं तरी म्हटलं नाही.

आग दुपारी आली. माळरान कोणी पेटवलं ते कधी कळलं नाही, आणि कळून काही उपयोगही नव्हता. आधी आभाळाचा रंग बदलला, मग वास आला, मग डोंगरावरून कोणीतरी ओरडत खाली आलं. सगळं गाव वर धावलं. पुरुषांकडे हिरव्या फांद्या, आम्हा बायकांच्या डोक्यावर पाण्याचे हंडे. वर गेल्यावर पाहिलं तर अख्खं माळरान आमच्याकडे चालत येत होतं.

जाळरेषेने आपलं काम केलं, हे सांगायला हवं. जिथे माती उघडी होती तिथे आग आली, फणा काढून उभी राहिली आणि बसली. गावाच्या भागात बसली, खात्याच्या भागातही बसली. दोन्हीकडे लोक ओरडले, आपापलं काम चांगलं झालं म्हणून. मग सगळ्यांचे डोळे मध्ये वळले.

भावाचे मजूर जुन्या दगडाशी उभे होते. त्यांचा मुकादम म्हणाला, "शिरू का आत? अजून कापून होईल. आग लांब आहे."

भावाने नवऱ्याकडे पाहिलं. तेव्हाही पाहिलं.

"शिरा की," नवरा म्हणाला. "तुमचीच ना जमीन?"

"सगळ्यांसमोर म्हणा तसं. म्हणा, सरकारची आहे."

"तू म्हण, गावाची आहे. मग माझी माणसं घालतो."

"दाजी, वेळ नाही."

"महिनाभर होता ना वेळ?"

मी हंडा तिथेच आपटला आणि काय वाटेल ते बोलले दोघांना. काय ते लिहिण्यासारखं नाही. वारा फिरला आणि ते गवत पेटलं. आवाज असा झाला की कोणीतरी मोठं कापड टरकावलं. मुकादमाने मजुरांना मागे ओढलं. गावकरीही मागे सरले, आणि आग दोन दगडांमधून, दार उघडं असल्यासारखी, आमच्या उतारावर उतरली.

भाऊ एकटा आत गेला. हातात एक फांदी. हमी त्याने घेतली होती. मला वाटतं, त्याला आग दिसलीच नाही, शाळेच्या खोलीत वर केलेला आपला हात दिसला. फांदीने झोडपत तो मध्यापर्यंत गेला आणि धूर त्याच्यावरून फिरला.

"अरे साल्या, मागे फिर!" नवरा ओरडला. गावात पुढे काही जण म्हणायचे की त्याने तेव्हाही शिवी दिली. मी त्याच्या शेजारी होते. ती शिवी नव्हती. पण मेहुण्याला हाक मारायला त्याच्याकडे दुसरा शब्दच उरला नव्हता.

मग नवराही शिरला. भावाच्या पट्ट्याला धरून त्याने त्याला फरफटत बाहेर काढलं. कातडी पट्ट्याचा पितळी बिल्ला तापला होता, तो नवऱ्याच्या तळव्यात उमटला. उतार संध्याकाळपर्यंत जळत राहिला.

दवाखान्यात भावाला एका बाजूच्या खाटेवर ठेवलं होतं, भाजलेल्या कातडीला काही लागू नये म्हणून अंगावर चादरीऐवजी जाळीचा पिंजरा. नवरा बाहेरच्या बाकावर, दोन्ही हात पांढऱ्या फडक्यात. आत यायला तयार नाही. मी आत-बाहेर करत होते, जसे डबे न्यायचे तसे.

"दाजी आलेत?" भावाने विचारलं. ओठ फुटले होते.

"बाहेर बसलेत."

"त्यांना सांग... मी पडलो तेव्हा नव्या दगडाच्या आत होतो. सरकारी हद्दीत."

"गप पड, मेल्या."

"सांग तू."

मी बाहेर जाऊन सांगितलं. नवऱ्याने फडक्यातले हात मांडीवर ठेवले. "त्याला सांग, गावाच्या हद्दीत पडला म्हणून वाचवला. सरकारी असता तर पावती मागितली असती," तो म्हणाला. मी आत जाऊन हे सांगितलं तेव्हा भाऊ हसला की कळ आली, मला नीट कळलं नाही. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, म्हणतात. ती म्हण ज्याने केली त्याने असा माणूस जवळून पाहिला असणार. भाऊ त्या खाटेवरून उठला नाही.

करार त्याआधीच रद्द झाला होता.

चौकशी पुन्हा शाळेच्या त्याच खोलीत भरली. साहेबांबरोबर आणखी एक मोठे अधिकारी होते. भावजय भिंतीला टेकून उभी, तान्हं पोर कुशीत घेऊन. भाऊ कामावर असताना मेला असं ठरलं, तर तिला खात्यात नोकरी लागणार होती. नाही ठरलं, तर माहेरच्या दारात उभं राहायचं.

साहेबांनी नकाशा पसरला आणि म्हणाले, "नीट पडताळणी केल्यावर असं दिसतं, की हद्दीचा खरा दगड जुनाच. मधली जागा गावाची. म्हणजे वनरक्षक गावाच्या जमिनीत, कोणाचा हुकूम नसताना, स्वतःच्या मर्जीने शिरला. याला कामावरचा मृत्यू म्हणता येत नाही. अध्यक्ष, जागा गावाची, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

खोलीत कुजबुज झाली. आजोबांच्या वेळेपासून गाव ज्याच्यासाठी भांडत होतं, ते सरकार स्वतःच्या तोंडाने देत होतं. मागून कोणीतरी नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं, "म्हण, म्हण, हो म्हण." नवऱ्याने फक्त मान हलवायची होती.

तो उभा राहिला. पहिलीचा बाक त्याच्याबरोबर थोडा उचलला गेला.

"जागा सरकारची आहे," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच तर आजवर..."

"मी खोटं बोलत होतो. माझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं, खरा दगड नवा. मी हट्टाने भांडलो. तुमच्या रक्षकाने गावाला तिथे विळा लावू दिला नाही, महिनाभर उन्हात बसून अडवलं. जमीन तुमची नव्हती, तर कोणत्या अधिकाराने अडवलं? आणि तो चुकत होता, तर तुम्ही तेव्हा गप्प का बसलात?"

पंच विचारतात तेच त्याने विचारलं. साहेब नकाशाची घडी घालायला लागले. तेव्हा मी खिडकीतूनच बोलले, "मला तुम्ही ऑफिसात म्हणालात, जागा सरकारचीच, शंका नाही. चहा विचारला होतात. आठवतं का?"

मोठे अधिकारी साहेबांकडे बघायला लागले. त्यांनी दोघा-तिघांना बाजूला घेऊन विचारपूस केली, मुकादमालाही विचारलं, आणि शेवटी लिहिलं की वनरक्षक सरकारी हद्दीत, कामावर असताना मेला. भावजयीला रोपवाटिकेत नोकरी लागली. काही दिवसांनी खात्याची माणसं आली आणि त्यांनी जुना दगड उपटून नेला.

नवऱ्याच्या वडिलांनी त्याला काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे, कारण म्हातारे रोज जेवताना तेच सांगायचे. खरा दगड जुना.

गावाने त्याला सोडलं नाही. "साल्याच्या मढ्यावर गावाची जमीन वाहिली," असं तोंडावर म्हणायचे. ज्यांनी मागून पाठीत बोट खुपसलं होतं तेच पुढे होते. दारं-खिडक्या लोक शेजारच्या गावातून करून आणू लागले. नळावर माझी घागर रांगेतून मागे सरकवली जायची, आणि ती पुन्हा पुढे ठेवताना मीही एक-दोघींचे पाय चेंगरले. सासूबाई दाराच्या पलीकडून म्हणाल्या, "आता तरी कळलं, मी चूल का वेगळी केली?" मी म्हटलं, "तुमचीच तालीम आहे, बाई. तुमच्याच पोटचा आहे."

भावजय एकदा भेटली, रोपवाटिकेच्या फाटकाशी. हाताला माती होती. मी म्हटलं, "ये कधी घरी. यांना बघून जा, हात अजून बोटांत आखडतो."

"येणार नाही, वन्सं," ती म्हणाली. "त्यांच्या हट्टाने विधवा झाले, त्यांच्या साक्षीने नोकरीला लागले. दोन्ही त्यांच्याच हातचं. काय म्हणून पाया पडू आणि काय म्हणून शिव्या देऊ, ते माझं ठरलं नाही." आणि ती पाणी घालायला वळली. मला तिचा राग आला नाही. रागावायची तिची पाळी होती.

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली. तो दाराची चौकट तासत होता, आखडलेल्या हाताने, कोणी सांगितली नव्हती तरी. म्हणाला, "बरोबर बोलली." आणि रंधा चालू ठेवला. नवरा आणि भाऊ, दोघांपैकी कोण बरोबर होता, हे गावात आजही लोक एकमेकांना विचारतात आणि भांडतात. मला कोणी विचारत नाही. उताराला पुन्हा झाडं आली आहेत, सरकारी. आमच्या बायका अजून खाणीला वळसा घालूनच जातात.

माझा भाऊ, वनरक्षक, त्या उन्हाळ्याच्या अखेरीला दवाखान्यात वारला. सासूबाई त्याच्या दुसऱ्या वर्षी गेल्या. माझा नवरा त्यानंतर चार वर्षांनी, हिवाळ्यात, एका सकाळी गेला.